रेव्हरंड बेब यांच्यापासून देशाचे संरक्षण

माणूस मोकळा सोडला की स्वतःचं बरंवाईट स्वतःच ठरवू लागतो, आणि अशाने राज्यकारभार चालत नाही. हे ओळखूनच लंडनच्या सरकारने ऑनलाइन अपाय निवारण विभाग काढला. अपाय म्हणजे काय हे ठरवायला तीन समित्या नेमल्या. पहिलीने व्याख्या केली, दुसरीने ती पहिलीला समजावून सांगितली आणि तिसरीने चहाबरोबरची बिस्किटं बदलली. (तिसरीचं काम वेळेत झालं.)

व्याख्या अशी ठरली: जे पाहून डोळ्यांत पाणी येतं, झोप उडते आणि तरीही माणूस पुन्हा पाहतो, ते अपायकारक.

या व्याख्येत सापडलेला पहिला मोठा गुन्हेगार वेल्समधल्या एका दरीतला निघाला. रेव्हरंड इद्वल बेब, वय एकोणऐंशी. हे गृहस्थ दर रविवारी चॅपलमध्ये प्रवचन करतात आणि रंगात आले की बोलता बोलता गाऊ लागतात. तिथल्या जुन्या उपदेशकांची ती रीतच. आवाज हळूच चढतो, शब्दाला सूर फुटतो, आणि बायबलातल्या गोष्टीत घर सोडून गेलेल्या मुलाला परतताना बाप वाटेतच कवटाळतो तेव्हा बाकांवरचे खाणीतले म्हातारे नाक शिंकरायच्या मिषाने रुमाल काढतात. हे प्रवचन फोनवरही दिसतं. त्याविरुद्ध दर रविवारी चारशेच्या वर तक्रारी. गावाची वस्ती तीनशे. (भीतीचं प्रमाण यावरून लक्षात यावं.)

प्रकरण विभागातल्या एम्लिन प्रॉसरच्या टेबलावर आलं. तो त्याच गावचा. त्याची आई कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिच्या आठवड्यात प्रवचनाचा तो एक तास सोडला तर बाकी सगळी औषधंच. आणि फोनवरच्या प्रवचनाच्या बंदीवर सोमवारी सही करायची होती. एम्लिन रविवारी आईच्या उशाशी जाऊन बसला.

बेबसाहेबांचा सूर चढला. आई "आमेन!" म्हणाली आणि तिने फोनवर बोट दाबलं. पुन्हा आमेन, पुन्हा बोट.

"आई, काय दाबतेस?"

"झेंडा."

"कसला झेंडा?"

"कसला म्हणजे? आपला, खाणवाल्यांचा! लाल आहे बघ. इथून नुसतं आमेन ओरडून त्यांना ऐकू जातंय होय? म्हणून शेजारच्या ग्लेनिसने ही युक्ती काढली. घरी पडलेल्या आम्ही सगळ्याच दाबतो. मेव्हिसची बोटं धरलीत, तर ती बिचारी नाकाने दाबते."

"अगं, तो तक्रारीचा झेंडा आहे!"

"लाल झेंडा तक्रारीचा? हे त्या इंग्रजांच्या डोक्यात कुणी भरवलं?"

सोमवारी एम्लिनने हे सगळं वरिष्ठ फिलिपा थॉर्नबरींना सांगितलं.

"फारच उद्बोधक," त्या म्हणाल्या. (या कार्यालयात याचा अर्थ, विषय संपला.) "पण मंत्र्यांनी हा आकडा संसदेत सांगितलाय, एम्लिन. आता तो खरा आहे."

"पण फिलिपा, तक्रार कुणाचीच नाहीये!"

"बघ, लोक किती दबलेत."

एम्लिनने सही केली. (निषेध म्हणून हिरव्या शाईत. हिरवी शाईही चालते, असं नंतर परिपत्रक निघालं.)

पुढच्या रविवारी फोन काळाच राहिला. आईने तो उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुला शिकवायला तुझा बाप खाणीत उतरला रे," ती म्हणाली.

तेवढ्यात काचेवर काठी वाजली. "मिसेस प्रॉसर, खिडकी उघडी ठेवायला सरकारची हरकत नाही ना?"

बाहेर बेबसाहेब उभे होते, मागे निम्मं गाव. एम्लिनने खिडकी सताड उघडली. सूर चढला, आईने लाल टॉवेल ओढून घेतला आणि पडल्यापडल्या असा हलवला की औषधाच्या बाटल्या खाली आल्या. नाक शिंकरायचं निमित्त एम्लिनलाही सापडलं.

त्या गर्दीचा बोभाटा लंडनपर्यंत गेला. विभागाने तातडीने 'उघड्या खिडक्यांतून होणारा अपाय' या विषयावर नवे नियम करायला घेतले. मसुदा एम्लिनकडेच आला. (या विषयातला अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.)

मसुद्यावर सर्वांच्या हरकती मागवल्या आहेत. जे काहीच कळवणार नाहीत त्यांची पूर्ण संमती मानली जाईल.

आपल्याकडून अद्याप काही आलेलं नाही. पाठिंब्याबद्दल विभाग आपला ऋणी आहे.