पहिल्या पानावरचा नळ

घर विटांचे असते, भिंतींचे असते, क्वचित त्यात राहणाऱ्या माणसांचेही असते. परंतु सर्च इंजिनच्या पहिल्या पानावर ते नसेल, तर ते नसते. हे सत्य प्रशस्तरावांना जरा उशिराच समजले. तोवर त्यांची वेबसाइट सदतिसाव्या पानावर पडून होती. त्या पानावर ग्राहक येत नाही. वाट चुकलेला येतो, किंवा झोप न येणारा.

प्रशस्तराव घरांचे एजंट. खरे नाव निराळे होते. पण कुठलीही खोली दाखवताना ते दाराशीच थांबून "प्रशस्त आहे" म्हणत (दोघांना एकदम आत शिरता येत नसल्याने दाराशीच म्हणावे लागे), म्हणून बाजारात हेच नाव पडले. चपलांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचे ऑफिस होते: एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर समुद्राचे एक मोठे चित्र. घर कुठेही असो, खिडकीतून काय दिसेल हे ते त्या चित्राकडे बोट दाखवून सांगत.

वेबसाइट वर काढण्याचे काम त्यांच्या मेहुण्याने अंगावर घेतले. हाच त्याचा व्यवसाय होता. त्याने प्रशस्तरावांचा मजकूर वाचला आणि डॉक्टर नाडी सोडतात तसा माउस सोडला.

"भाऊजी, तुम्ही माणसांसाठी लिहिताय."

"मग कोणासाठी लिहू?"

"मशीनसाठी. माणूस नंतर येतो. मशीनने पाठवला तर येतो."

मशीनच्या आवडीनिवडी सोप्या होत्या. एक, लोक जे शोधतात तेच शब्द पुन्हा पुन्हा यावेत. दोन, आलेला माणूस पानावर रेंगाळावा. त्यातली पहिली आवड लगेच पुरवण्यात आली. "शांत परिसरात दोन खोल्यांचे घर शोधणाऱ्यांना शांत परिसरात दोन खोल्यांचे घर मिळाल्यास शांत परिसरात दोन खोल्यांचे समाधान लाभते." हे वाक्य प्रशस्तरावांनी मोठ्याने वाचून पाहिले, तेव्हा खालचा चपलांचा दुकानदार पाणी घेऊन वर आला. वेबसाइट छत्तिसाव्या पानावर गेली. मेहुण्याने याला मुसंडी म्हटले.

मग नमुना म्हणून एका घराचे सविस्तर पान करायचे ठरले. विकाऊ घरे फोटो काढण्याजोगी नव्हती, म्हणून प्रशस्तरावांनी स्वतःच्याच घराचे फोटो काढले. मजकूर टाइप करायला बायकोकडे दिला, कारण ती शाळेत भाषा शिकवत असे आणि तिचे शुद्धलेखन चांगले होते. त्या दिवशी न्हाणीघरातल्या नळावरून सकाळीच खटका उडाला होता. नळ टपकत होता. प्रशस्तराव "उद्या बघतो" म्हणाले होते, आणि हे उद्या घरात मुलासारखे वाढून आता शाळेत घालण्याच्या वयाचे झाले होते.

बाईंनी लिहिले: "न्हाणीघरातला नळ टपकतो. नवऱ्याला सांगून झालं आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की शेजारच्या काकांचा रेडिओ ऐकू येतो, आणि बंद केली की काका रुसतात. बेडरूममध्ये कपाट उघडतं किंवा दार उघडतं, दोन्ही एकदम नाही. ऊन मात्र छान येतं."

हे नवऱ्याने वाचावे म्हणून लिहिले होते. नवऱ्याने न वाचता मेहुण्याकडे पाठवले. मेहुणाही वाचत नसे. तो शब्द मोजत असे. पान प्रसिद्ध झाले.

आणि लोक त्या पानावर रेंगाळू लागले. इतर एजंटांच्या पानांवर माणूस सरासरी नऊ सेकंद थांबे (त्यातली सहा ते पान कसे बंद करावे हे शोधण्यात जात). इथे लोक शेवटपर्यंत वाचत, मग घरच्यांना हाक मारून वाचून दाखवत. मशीनने हे पाहिले आणि आपल्या पद्धतीने निष्कर्ष काढला: माणसांना टपकणारा नळ हवा आहे. आठवडाभरात पान पहिल्या पानावर, पहिल्या जागी जाऊन बसले.

पुढचे सर्व तर्काला धरून झाले. बाकीच्या एजंटांनी आपापल्या मजकुरात टपकणारा नळ घातला. मग घर बघायला आलेली माणसे नळ कुठे आहे विचारू लागली, म्हणून घरातही घालावा लागला. प्लंबर लोकांनी जन्मभर थेंब थांबवले होते. आता ते वॉशर सैल करून थेंब बसवून देऊ लागले. एकेरी थेंब, जोडथेंब, आणि प्रतिष्ठित वस्तीसाठी अधूनमधून विचार करणारा थेंब. एका पाहणीत शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांनी सांगितले की थेंबाचा आवाज आला की घर खरे वाटते. उरलेल्या एकोणीस जणांनी रेडिओ असलेला शेजारी मागितला.

मूळ नळ मात्र एकच होता, आणि तो प्रशस्तरावांच्या न्हाणीघरात होता. माणसे रांगेने येऊ लागली. बाई स्वयंपाकघरात वह्या तपासत बसायच्या आणि बाजूने कुटुंबेच्या कुटुंबे न्हाणीघराकडे जायची. आत सगळे गप्प उभे राहायचे. थेंब पडला की माना डोलायच्या. शेजारचे काका इस्त्रीचा शर्ट घालून रेडिओजवळ बसू लागले होते.

अशातच एक तरुण जोडपे तीनदा आले आणि चौथ्यांदा म्हणाले, आम्ही घर घेतो. मागाल ती किंमत.

"द्या भाऊजी," मेहुणा म्हणाला. "पहिल्या पानावरचं घर पहिल्या पानावर असतानाच विकायचं असतं."

प्रशस्तराव हो म्हणून बसले. रात्रीच्या जेवणाला त्यांनी ही बातमी सांगितली. बाईंनी आमटीचा डाव खाली ठेवला.

"आणि आपण राहायचं कुठे?"

"बघू की. आपली वेबसाइट आहेच."

"अहो, तुमच्या वेबसाइटवर आपलं घर सोडलं तर राहण्यासारखं काय आहे?"

प्रशस्तरावांनी मनातल्या मनात यादी फिरवली आणि भात मागून घेतला.

"ते असू दे. तो नळ आधी दुरुस्त करा," बाई म्हणाल्या.

"आता कसा करू? पहिल्या पानावरचा नळ आहे तो." इतक्या वर्षांत त्यांच्या टाळाटाळीला प्रथमच तांत्रिक आधार मिळाला होता.

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच प्लंबर बोलावला. "थांबवायचा आहे?" त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. सवय गेल्यामुळे त्याला वेळ लागला, पण नळ थांबला.

व्यवहार पक्का करायला जोडपे मुलीच्या आईवडिलांना घेऊन आले, तेव्हा प्रशस्तरावांना ही गोष्ट कळली. न्हाणीघर गप्प होते. पाहुणे बाहेर पाणी पीत होते. वेळ हातात नव्हता. ते आत शिरले, कडी न लावताच दार लोटले, बादली पालथी घातली आणि ओल्या बोटाने तिच्यावर थेंब वाजवू लागले. टप. मग जरा थांबून, टप. हात नवखा होता, पण ओळखीची चाल होती.

बाहेर सगळ्यांच्या माना डोलल्या. "किती नैसर्गिक आहे," मुलीचे वडील म्हणाले. बाईंनी दार ढकलले.

प्रशस्तराव उकिडवे बसलेले होते. एका हातात मग, कपाळावर घाम, बोट बादलीवर. पुढचा थेंब वेळेवर पडला, कारण तो आधीच सुटलेला होता.

"हे रोज करतात का?" मुलीच्या आईने विचारले.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "नळासाठी यांनी हात हलवला तो आजच." आणि त्यांना असे हसू लोटले की दाराची चौकट धरावी लागली. प्रशस्तराव आधी ओशाळले, मग तेही हसू लागले, इतके की बादलीवरून पलीकडे कलंडले.

पाहुणे हसले नाहीत. "आम्ही खरं घर बघायला आलो होतो," तरुण म्हणाला. "आम्ही जाहिरातीला भुलणाऱ्यांतले नाही." आणि ते निघून गेले.

"मला विकायचं नव्हतंच गं," प्रशस्तराव फरशीवरूनच म्हणाले. "पहिलं पान सोडवत नव्हतं, एवढंच."

"उठा आता. पाठ भिजलीय," बाई म्हणाल्या, आणि टॉवेल त्यांनी हातात न देता स्वतःच त्यांच्या डोक्यावर घासला.

त्याच संध्याकाळी बाईंनी पानावरचा मजकूर बदलला: "नळ दुरुस्त झाला आहे. घर विकायचे नाही." यात शोधण्यासारखे काहीच उरले नसल्याने मशीनने ते पान कुठे टाकले, ते मेहुण्यालाही सापडले नाही. घरातले दोघे मजेत आहेत. काका साधा शर्ट घालतात.

मेहुण्याने मात्र त्या तरुणाचे वाक्य प्रशस्तरावांकडून ऐकून टिपून घेतले होते. नळ थांबल्यावर निराश होऊन परतणारे सगळेच ते म्हणत होते, शब्दही तेच. त्याने त्यावर नवी वेबसाइट काढली: "जाहिरातीला न भुलणाऱ्यांसाठी घरे". सध्या सगळ्यांत जास्त गर्दी तिथे आहे. तिथे येणारा प्रत्येक माणूस नळाच्या नादी लागलेल्यांना हसतो, आणि हसणारा माणूस पानावर जास्त रेंगाळतो. म्हणून ही हकिगत त्या पानावर सर्वांत वर घातलेली आहे.

घरे तिच्या खाली आहेत. आपण बरोबर तिथपर्यंत आला आहात.