गुडघ्याचे दोन आकडे

ज्याला दोन ठिकाणी दोन आकडे सांगता येतात, त्याला संसारात मरण नाही, असं माझं ठाम मत होतं!

पळून पळून माझा उजवा गुडघा दुखायला लागला होता. फिजिओथेरपिस्ट बाई दर खेपेला विचारायच्या, "दुखणं दहापैकी किती?" महिनाभरावर दहा किलोमीटरची शर्यत, आणि त्यात साडूही पळणार! "दोन, फार तर दोन," मी ठोकून द्यायचो.

घरी बायको म्हणायची, "अहो, कपाट सरकवायचंय." की गुडघा थेट आठवर!

आठवडाभर हे बिनबोभाट चाललं. मग ती म्हणाली, "आठ म्हणजे थट्टा नाही. मीच येते बाईंकडे."

मी टेबलावर आडवा. उशाशी बायको, पायथ्याशी बाई.

"आज किती?"

दोन म्हणावं तर कपाट, आठ म्हणावं तर शर्यत बुडाली! फळ्यापुढे उभ्या केलेल्या ढ पोरासारखं मी छताकडे पाहिलं.

"पाच."

"मला तर दोन सांगत होतात!" बाई म्हणाल्या.

"दोन? घरी आठ असतं!" बायको.

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, जणू बालवाडीपासूनच्या मैत्रिणी!

"पाच ना? मग शर्यतही निम्मीच," बाईंनी निकाल दिला. "मांड्यांत जोर नाही, म्हणून भार गुडघ्यावर येतो. रोज जिने चढा-उतरा, सावकाश."

"हातात बादली असली तर चालेल?" बायकोनं विचारलं.

"उत्तम!"

तीन आठवडे मी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी पाणी वाहिलं. कुंड्या तरारल्या. मी वाळलो.

शर्यतीच्या दिवशी पाच किलोमीटरच्या पाटीपाशी बायको हात आडवा करून उभी! साडू हसत, हात हलवत पुढे गेला. काय ते दात! मी चरफडत फुटपाथवर बसलो. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि शेजारी टेकली.

"किती आता? खरं सांगा हं."

मी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. काहीच नाही!

"शून्य," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"मग चला, चालतच घरी जाऊ!"

घर बरोबर पाच किलोमीटर. कोवळ्या उन्हात, गप्पा मारत, दीड तासात पोचलो. पाच न् पाच दहा, शर्यत पुरी! साडूला लगेच फोन करून तसं कळवलं.

तो अजून मान्य करत नाही.