थोरल्या मालकांचा थर्मास

जगात दोन प्रकारच्या जुन्या वस्तू असतात. एक, ज्या कुणीतरी जपल्या म्हणून टिकतात. दोन, ज्या फेकायला कुणाला वेळच झाला नाही म्हणून टिकतात. शंभर वर्षं उलटली की दोन्हींचा मान सारखाच होतो आणि त्यांना हात लावायला बंदी येते. वस्तूंचा हा नियम घरांनाही लागू आहे. (माणसांना नाही. माणूस जुना झाला की त्याला फक्त आतल्या खोलीत हलवतात.)

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून लेकीने आम्हाला शहराबाहेरच्या एका ऐतिहासिक हवेलीत दोन दिवस राहायला पाठवलं. तीनशे वर्षांची हवेली, आता हॉटेल. एकूण एक्केचाळीस खोल्या. त्यातल्या सोळा राहायला देतात, बाकीच्या नुसत्या दाखवतात. सोळांपैकी अकरा खोल्यांची दारं लागतात. अकरांपैकी नऊ दारं लागल्यावर पुन्हा उघडतात. आम्हाला उरलेल्या दोनातली एक मिळाली होती, कारण आमचं पॅकेज खास होतं.

अशा हवेलीचं मला मनापासून कौतुक आहे. साध्या हॉटेलात नळाला पाणी आलं नाही तर ती तक्रार होते. इथे ती परंपरा असते. टेबलावर एक जाड नियमावली ठेवली होती, त्यातली काही कलमं मी पाठच करून टाकली:

गरम पाणी दुपारी चार ते चार वीस या वेळेत येईल. धाकट्या मालकीणबाई याच वेळेत स्नान करीत असत.

पलंगाचा आवाज मूळचा आहे. कृपया दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

खिडकीच्या फटीतून येणारा वारा पाहुण्यांना विनामूल्य आहे.

आणि प्रत्येक वस्तूशेजारी एक छोटं जाड कार्ड, त्यावर शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात, वस्तूचा इतिहास. खुर्चीवर कार्ड होतं: 'थोरले मालक या खुर्चीत बसून विचार करीत. बसू नये.' (विचार करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण उभ्याने विचार करून दमलो तर बसायचं कुठे, हा प्रश्न होताच.) न्हाणीघरात दोन बादल्या होत्या. एकीवर कार्ड होतं, दुसरीवर नव्हतं. मी टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं उभा होतो. शेवटी कार्ड नसलेली उचलली, तर तिला बूड नव्हतं.

आता आमच्या मंडळींबद्दल. गाडीतून उतरण्याआधीच बायकोने मला थांबवलं होतं.

"अहो, एक सांगू?"

"सांग."

"दोन दिवस. फक्त दोन दिवस माणसासारखं वागा. कुणाची टिंगल नाही, कुणाला टोपी घालणं नाही. पंचवीस वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही."

"आणि ते फडताळ?"

"ते मागितलं होतं. मिळालं नाही. म्हणून ते धरायचं नाही."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाला आमच्या गल्लीत किंमत आहे. कुठलीही भावाची घासाघीस मी सुरू केली की लोक बाजूला उभं राहून ऐकतात. पण बायकोला दिलेल्या शब्दाचं तसं नसतं, तो पाळावा लागतो. तिने लगेच माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि हे बूट घालून आलातच ना शेवटी." अकरा वर्षांचे बूट. डाव्याचा अंगठा बाहेर डोकावतो, उजव्याची नाडी तीन ठिकाणी गाठलेली. ती गेली सहा वर्षं ते फेकायला निघालीय. मी दर वेळी कचऱ्याच्या डब्यातून परत आणतो.

ती सोबत एक थर्मास घेऊन आली होती. स्टीलचा, वर निळं प्लास्टिकचं झाकण, पोटाला एक मोठा पोचा. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला. बुडाला खिळ्याने लग्नाचं साल कोरलंय, पण खिळा बोथट होता म्हणून नुसते शेवटचे दोन आकडे: ९९. तिचे वडील दोन महिन्यांनी वारले. तेव्हापासून ती रोज पहाटे चहा त्यात भरते, मग आम्ही दोघं पितो. पंचवीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मी रागावून बाहेरच्या खोलीत झोपलो त्या रात्रीनंतरसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी चारला पाच कमी असताना तिने थर्मास माझ्या हातात दिला. "खाली स्वयंपाकघरातून गरम पाणी आणा. इथलं वीस मिनिटांत संपेल, त्यात आंघोळ करू की चहा?"

मी पाणी घेऊन लांबच्या व्हरांड्यातून परत येत होतो. तिथे दोन्ही बाजूंना उंच लाकडी स्टँडवर वस्तू मांडलेल्या. एक स्टँड मात्र रिकामा, वरची वस्तू दुरुस्तीला गेलेली. तेवढ्यात उजव्या बुटाची नाडी सुटली. दोन्ही हात लागणार म्हणून मी थर्मास त्या रिकाम्या स्टँडवर ठेवला आणि खाली वाकलो. वर पाहतो तर एक जोडपं थर्माससमोर उभं. नवऱ्याने मान हलवली. बायकोनेही हलवली. मग नवरा हळूच म्हणाला, "काय काम असायचं त्या काळचं." आणि फोटो काढला.

आता मला सांगा, यात माझी चूक काय? मी थर्मास ठेवला. मान त्यांनी हलवली.

तरी मी शब्द पाळणार होतोच. पण व्हरांड्याच्या टोकाला पाहुण्यांना पत्रं लिहायला एक मेज होतं, त्यावर तीच जाड कार्डं, तेच शाईचं पेन. आणि माझं अक्षर, घरातल्या कुणालाही विचारा, वळणदार आहे. मी लिहिलं:

'थोरल्या मालकांचा प्रवासी थर्मास. पोटावरचा पोचा घोड्याच्या लाथेने पडला आहे. स्पर्श करू नये.'

दहा मिनिटांसाठी. फक्त दहा. खोलीत जाऊन बायकोच्या गळ्यातल्याचा आकडा लावून दिला, तो लागेना म्हणून आणखी दोन मिनिटं गेली. परत आलो तर थर्मासवर काचेची पेटी. पेटीला कुलूप.

इथे मला त्या हॉटेलच्या कार्यक्षमतेला सलाम करावासा वाटतो. आमच्या खोलीतला दिवा सकाळपासून सहा वेळा सांगूनही लागला नव्हता. पण वस्तू ऐतिहासिक ठरल्यापासून बारा मिनिटांत तिला काच, कुलूप आणि वर पिवळा दिवा मिळाला.

मी वारसा व्यवस्थापकांकडे गेलो. (अशी जागा खरंच असते. साध्या व्यवस्थापकापेक्षा त्यांचा कोट लांब असतो.)

"साहेब, तो थर्मास माझा आहे."

"असं इथे बरेच जण म्हणतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ जिना त्यांच्या आजोबांचा आहे म्हणत होते."

"पण मी आत्ता, पाव तासापूर्वी ठेवला तो."

"काळाची अशी गल्लत होते," ते समजुतीने म्हणाले. "या वास्तूचा परिणाम आहे."

"त्याला प्लास्टिकचं झाकण आहे हो."

"त्या काळी त्यांच्याकडे काय काय होतं, हे आज आपल्याला सांगता येणार नाही."

"बुडाला साल आहे. ९९. आमच्या लग्नाचं."

"ते आम्ही पाहिलंय. आकडे दोनच असतील तर शतक आम्ही ठरवतो. सतराशे नव्याण्णव." त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "तरी तुमचा आग्रहच असेल तर वस्तू ऐतिहासिक नसल्याचा अर्ज भरा. दोन साक्षीदार लागतील."

"बायको चालेल?"

"चालेल ना. फक्त साक्षीदार त्या काळी हजर असायला हवेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा वरच्या माणसासमोर उभा आहे. मी थापा मारतो तेव्हा मला माहीत असतं. या माणसाला माहीतही नव्हतं. आपण कसरत करणारे, ते उडणारे.

खोलीत बायको वाट पाहत होती. "थर्मास?"

"स्वयंपाकघरात दिलाय. पाणी तापतंय."

"अजून?"

"चूल ऐतिहासिक आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही, पण पुरेसा. संध्याकाळी पॅकेजमधला केक आला (वर आमची नावं चुकलेली, पण अक्षर वळणदार), जिन्यावर फोटो झाला, आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती उठून बसली. मी पळत जाऊन हॉटेलच्या कपातून चहा आणला. तिने एक घोट घेतला, कप खिडकीत ठेवला. पुन्हा उचलला नाही.

"अजून तापतंय का हो पाणी?"

"आता झालंच असेल."

"माझ्या वडिलांचा आहे तो," ती म्हणाली. एवढंच. तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

अकराला पॅकेजमधली शेवटची गोष्ट होती, वास्तुदर्शन. माहिती सांगणाऱ्या बाई पुढे, मागे आम्ही चौदा पाहुणे. मी बायकोला दुसऱ्या बाजूच्या झुंबराखाली अडकवून ठेवायचा प्रयत्न केला. झुंबर तिने एका मिनिटात पाहून संपवलं. आणि मग आम्ही सगळे पिवळ्या दिव्याखाली उभे होतो.

"हा थोरल्या मालकांचा थर्मास," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "शिकारीला निघताना मालकीणबाई स्वतः पहाटे उठून यात पेय भरून देत. पंचवीस वर्षं. मालकांनी एकदाही चांगलं झालं म्हणून सांगितलं नाही, असं म्हणतात."

हे मी लिहिलेलं नव्हतं. एका रात्रीत त्यांनी एवढं वाढवलं होतं. आणि खरं सांगतो, ती शेवटची दोन वाक्यं सोडून बाकी सगळं खोटं होतं.

चौदा माना हलल्या. म्हणजे तेरा. एक मान थर्मासकडे पाहत होती, मग कार्डाकडे, मग माझ्या अक्षरावरून हळूहळू माझ्याकडे.

"हा पोचा?" बायकोने बाईंना विचारलं.

"घोड्याच्या लाथेने."

"घोडा नव्हता तो," बायको म्हणाली. "गाढव होतं."

बाईंनी वही काढली. "तुम्हाला कसं माहीत?"

"हा थर्मास माझ्या वडिलांचा आहे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी गाढवाने जिन्यावरून पाडला आणि मांजराने पाडला म्हणून सांगितलं. मी काही बोलले नाही. गाढव नवीन होतं."

बाईंनी वही मिटली आणि कंबरेत वाकून नमस्कार केला. तेरा लोकांनी बायकोसाठी वाट करून दिली. दोन मिनिटांत वारसा व्यवस्थापक धावत आले, कोटाची बटणं लावत. घराण्यातल्या एक बाई उतरल्या आहेत हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, याची त्यांनी तीनदा क्षमा मागितली.

लक्षात घ्या, तिने मी सांगितलं तेच सांगितलं होतं. वस्तू आमची आहे. मला अर्ज मिळाला, तिला नमस्कार. फरक एवढाच की मी घाईत होतो आणि ती नव्हती. जहागीरदारांना घाई नसते.

"मला हा परत न्यायचाय," ती म्हणाली.

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "घराण्याला तो हक्क आहेच, बाईसाहेब. पण नियमाने पेटी रिकामी ठेवता येत नाही. बदल्यात तितकीच जुनी काही वस्तू..."

बायको माझ्याकडे वळली. पंचवीस वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. आरशात पाहिला होता, पण तो माझा असायचा.

"अहो, बूट काढा."

मी काढले. दुसरा काय इलाज होता? व्यवस्थापकांनी पांढरे मोजे चढवले हातात, बूट उचलले, अंगठ्याच्या भोकातून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "निदान दीडशे वर्षं." बायको मेजाशी जाऊन बसली, पेन शाईत बुडवलं आणि कार्ड लिहिलं. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

'धाकट्या मालकांचे बूट. हे घालून ते आयुष्यभर फिरले, पण कुठेही वेळेवर पोहोचले नाहीत.'

मी हॉटेलच्या कागदी सपाता घालून घरी आलो. गाडीत तिने थर्मास मांडीवर धरला होता. अर्ध्या वाटेवर झाकण उघडलं, स्वयंपाकघरातून येताना भरून घेतलेला चहा ओतला आणि पुढे केला. मी प्यालो. आणि एक वाक्य बोललो, जे त्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे थोरले मालक कधी बोलले नव्हते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऐकलं. आता फडताळाचं बोला."

बूट अजून तिथेच आहेत. आतापर्यंत हजारेक लोकांनी त्यांच्यासमोर मान हलवली असेल. आणि तुम्ही हे वाचताना मनात म्हणालात, काय येडे लोक असतात, काचेमागे काहीही ठेवा, हात जोडतात.

बरोबर आहे. आता जरा उठा आणि तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटाकडे बघा. काचेमागे, सोनेरी काठाचा, सहा कपांचा एक सेट आहे ना? लग्नात आलेला? त्यातून शेवटचा चहा कुणी प्यायला, आठवतंय? राहू द्या, आठवू नका. अर्ज भरावा लागेल, आणि साक्षीदार त्या काळी हजर असायला हवेत.