अडीच बोटांची फत्ते

स्वस्ति. इटियाडोहाचे पाटपाणी जेथवर पोचते आणि जेथे धानाशिवाय दुसरी दौलत नाही, त्या मुलुखीं शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, कार्तिकमासीं, धान कापणीस आले ते समयी, राजमान्य राजश्री केवळराम पाटील, तलाव पाणीवाटप समितीचे अध्यक्ष, यांचे उजवे अंगाचे खालील दाढेत कीड शिरोन मोठा दंगा जाहला. त्या दंग्याची हकीकत लिहावी ऐसी सौभाग्यवती जमुनाबाईसाहेब, पाटलांच्या धर्मपत्नी, यांची आज्ञा जाहली. आज्ञेचे शब्द येणेप्रमाणे: "टिकाराम भाऊजी, खरं तेच लिहा जी. दोस्त आहे म्हणून झाकू नका." सबब हा टिकाराम, ग्रामपंचायतीचा निवृत्त लिपिक, मोहिमेत आद्यंत हजर, काही न झाकता लिहितो. झाकण्याजोगे एकच होते, तेही शेवटी लिहिले आहे.

पाटलांची वडीलधारी मंडळी तलाव बांधणारी. पाळ कोठे घालावी, पाणी सोडण्याची मोरी कोठे ठेवावी, सांडवा किती खोल खणावा, हे सर्व एकच माणूस पाहत असे आणि पाळ फुटली तर जाबही तोच देत असे. त्या घराण्यात कन्यारत्न डिंपल उपजली. तिने नागपुरी चार वर्षे किताबांशी आणि एक वर्ष उमेदवारीत रोग्यांशी झुंज घेवोन बीडीएस ऐसी सनद हासल केली. ज्या दिवशी तिला दंतविद्येच्या पाठशाळेत दाखला मिळाला, ते दिवशी पाटलांनी सर्व गावादेखत तलावाचे पाळीवरोन आपली घोटलेल्या खर्‍याची पन्नी पाण्यात फेकिली आणि शपथ वाहिली की आजपासोन सुपारी-तंबाखू वर्ज्य. गावाने टाळ्या वाजविल्या, पोरीने बापाचे पाय धरिले. पन्नी बुडाली हे खरे. परंतु दुसरे दिवशी नवी कोणी घोटोन दिली, ते नाव यथाकाळी येईल.

पुढे डिंपलने गोंदियालगत कुडव्यास एक गाळा घेवोन दवाखाना थाटिला. एक खुर्ची, एक दिवा, भिंतीवर सनद, दारी पाटी. सरंजाम चोख, परंतु रोगी येईना. कारण गावोगावी एकच बोलणे: "बापच पोरीले दात दाखवत नाही, मंग आपण कायले दाखवाव?" आणि पाटलांचे फर्मान तर याहून कडक की, बीडीएस म्हणजे अर्धा डॉक्टर, संक्रांतीपावेतो खुर्ची न भरली तर गाळ्यास कुलूप घालावे आणि नागपुरी जावोन एमडीएसच्या परीक्षेस बसावे, आणखी तीन वर्षे शिकोन पुरे डॉक्टर होवोन यावे. रोज सकाळी डिंपल रिकामी खुर्ची पुसत असे. आम्हांस ते ठाऊक होते, आणि आम्ही काही केले नाही.

ऐशात दाढेने बंड केले. गाल सुजला, पाटील भात सोडोन पेजेवर आले. घरात कन्या दंतवैद्य असता तिजकडे जाणे नाही, ऐसा हट्ट धरोन त्यांनी मजबरोबर मसलत केली की गोंदिया शहरीचा थोरात थोर डॉक्टर शोधावा. थोर कोण हे कैसे ओळखावे? पाटलांनी हिकमत काढिली की, ज्याचे पाटीवर नावापुढे इंग्रजी अक्षरे अधिक, तो थोर. अक्षरांचा अर्थ आम्हां दोघांसही लागत नव्हता, परंतु मोजता येत होती. मग अर्जुनीस गाडी धरोन गोंदियास कूच केले, आणि दुपारभर बाजारात पाट्या मोजीत हिंडलो. अखेर एक पाटी एकवीस अक्षरांची निघाली. त्यांत दोन-दोन दिवसांच्या शिबिरांतून आणिलेल्या सनदाही होत्या हे मागाहून कळले. ते समयी आम्ही तिला मुजरा केला आणि जिना चढलो.

आत भिंतीवर जिराफ आणि ससे काढिलेले, खुर्ची हातभर, आणि सभोवार लेकरे रडताहेत. दारावरील बाईने पुसले, "अंकल, बच्चा किधर है?" पाटलांनी मजकडे पाहिले. तो दवाखाना फक्त लेकरांच्या दातांचा होता. डॉक्टरीणबाई सज्जन, हसल्या नाहीत. पाटलांस त्या खुर्चीत बसविले, पाय गुडघ्यापासोन पुढे अधांतरी राहिले, तोंडात डोकावल्या, कागदावर काही लिहिले, आणि म्हणाल्या की दाढेच्या मुळांचा डॉक्टर निराळा, तिकडे जावे.

तेव्हा कळो आले की दंतविद्येचे राज्यात नऊ सुभे आहेत. कोणी मुळांचा, कोणी हिरड्यांचा, कोणी तारेने वाकडे दात वळणावर आणणारा, कोणी कवळीचा, कोणी जबड्यावर शस्त्र चालविणारा. आणि एकाचे हद्दीत दुसरा पाऊल टाकीत नाही. मुळांचे सुभेदारांनी फर्माविले की मुळे वाचतील, परंतु हत्यार आत जाण्यास वाट नाही, आणि हिरडी ढिली, तो प्रांत आमचा नव्हे. हिरडीचे सुभेदार म्हणाले की दाढ राहणार की जाणार हे आधी ठरो, मग हिरडी पाहू. शस्त्राचे सुभेदार फक्त गुरुवारी नागपुराहून येत. त्यांजसाठी सात दिवस पेजेवर काढिले, तो ते म्हणाले की काढण्यास हरकत नाही, परंतु मुळांचे सुभेदार वाचतील म्हणतात, त्यांची चिठ्ठी आणावी. कवळीवाल्यांचा निवाडा सर्वांत सोपा: "निकालके लाइए, फिर हम बिठा देंगे." येणेप्रमाणे पाच दरबार जाहले, पाच कागद जमा जाहले, दाढ जागचे जागी. आणि प्रत्येक दाराबाहेर पाटील चूळ भरोन तोंड स्वच्छ करीत, मग आत जात. हे पाचही जण कधीकाळी बीडीएसच होते. पुढे शिकोन इतके उंच गेले की तेथोन दाढ दिसे, हिरडी दिसे, सबंध तोंड काही दिसेना.

जमुनाबाईसाहेबांनी हे सोळा दिवस पाहिले. सतराव्या दिवशी त्यांनी पाचही कागद पिशवीत घालोन एकट्याच कुडव्यास प्रयाण केले आणि कन्येपुढे ठेविले. डिंपलने एकेक वाचिला. पाच निराळ्या हस्ताक्षरांत, पाचही कागदांवर एक ओळ सारखी होती: तोंड दोन बोटेच उघडते. पाचांनी लिहिले, पाचांनी पुढे धाडिले, आणि ज्याचे तोंड त्यास कोणी सांगितले नाही. पोरीचा चेहरा उतरला. ती एवढेच बोलली, "माय, बाबूजीले उद्या आन. बांधून आनजो, पन आन."

बाईसाहेबांनी परत येवोन चूल बंद केली आणि फर्मान सोडिले: "पोरगी डॉक्टर, अन् तुमी गोंदियाभर तोंड घेऊन फिरून राहिले! काऊन जी? आता पेज बी भेटत नाही. तिच्या खुर्चीत बसा, मंगच चूल पेटते." पाटलांनी संध्याकाळपावेतो किल्ला लढविला. मग पोटाने दगा दिला आणि तह जाहला.

दुसरे दिवशी कुडव्याचे त्या खुर्चीत, जी महिनोन्महिने रिकामी होती, पाटील बसले आणि ओठ मिटोन घेतले. दिवा लागला, तरी ओठ उघडेनात. डिंपलने हुकूम केला नाही, विनवणीही केली नाही. आपला मास्क खाली ओढिला आणि म्हणाली, "बाबूजी, मले मालूम आहे. तुमच्या शर्टाचा वास मी लहानपनापासून ओळखतो."

मग पाटील बोलले, आणि मी त्यांस चाळीस वर्षे ओळखतो, ऐसे बोलताना कधी ऐकिले नव्हते. "तुह्यासमोर तोंड उघडलं असतं त खोटा पडलो असतो, बेटा. गावासमोर चाललं असतं. तुह्यासमोर नाही." ऐसे म्हणोन त्यांनी तोंड उघडिले. तिने त्यांचीच तीन बोटे उभी करोन दातांमध्ये घालण्यास सांगितले. निरोगी तोंडात तिन्ही जातात. येथे दोन गेली. तिसरे बाहेर राहिले. गालाचे आतील बाजूस पांढरे पट्टे चढलेले, कातडी ताठ, आणि हे सर्व खर्‍याचे काम. अर्ध्या डॉक्टराने अख्खे तोंड पाहिले, जीभ पाहिली, टाळू पाहिली, आणि मग दाढेकडे वळोन, अरुंद वाटेने हत्यार घालोन, पाऊण तास झुंजोन, ती मुळांसकट बाहेर काढिली. पाटलांचे डोळ्यांत पाणी आले, ते दाढेचे नव्हते.

गालाचे आतील कातडीचा बारीक तुकडा काढोन तपासणीस कोठे धाडावा हे तिला ठाऊक होते; योग्य त्या सुभेदारास तिने स्वतः फोन केला आणि त्यांनी कामही चोख केले. आठ दिवसांनी उत्तर आले की कर्करोग नव्हे, परंतु खर्रा न सुटल्यास पुढील हमी कोणी घेणार नाही. मग कन्येचे फर्मान निघाले: खर्रा बंद, आणि तोंड मोकळे होण्यास सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरावी, आठवड्यास एक काडी वाढवावी. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष अडीच महिने काड्या धरोन ओट्यावर बसले. गाव हसले. हसता हसता गावाने आपापली बोटे तोंडात घालोन पाहिली, आणि हसणे थांबले.

संक्रांत आली नि गेली, गाळ्यास कुलूप लागले नाही. माघमासीं डिंपलने पाटलांस पुनः खुर्चीत बसवोन मोजिले, तो अडीच बोटे भरली. सबब दप्तरी नोंद ऐसी: शत्रूची एक दाढ काबीज, मुलूख अर्धे बोट सर, फौजेत सोळा माणसे कुडव्याचे बाकावर रांग धरोन, आणि पाटील त्यांस दारातच बजावतात, "पयले तीन बोटं घाला, मंग आत जा. पाटीवरचे अक्षरं मोजू नका."

आता राहिलेले नाव. तलावात पन्नी बुडाली त्याचे दुसरे दिवशी नवी पन्नी घोटोन देणारा, आणि पुढे रोज दोन घोटणारा, एक दोस्तास आणि एक आपणांस, तो हा टिकाराम. हे लिहोन जाहले तेव्हा घरात कोणी नव्हते. लेखणी ठेविली, तीन बोटे उभी केली. एकच गेले. उद्या सकाळी पहिली गाडी धरोन कुडव्यास जाणे आहे. लेखनसीमा.