भगतकाकांचं ग्राफिक्स कार्ड

मे महिन्यात उमरखेडला आमच्या शेजारच्या भगतकाकांकडे गेलात, तर घाम पुसायला दोन रुमाल न्या. घरात कूलर आहे, चांगला दांडगा आहे, पण त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. मी एकदा खुर्ची जरा त्या बाजूला सरकवली, तर काका ओरडले, "सरका सर, वारा अडून राह्यला! तुमाले घाम तरी येते. त्या बिचाऱ्या कार्डाले घामही येत नाई."

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरची चित्रं रंगवणारं. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, स्टँडवरून गाड्या वेळेवर सोडायचे. रिटायर होईपर्यंत त्यांनी माउसला हात लावला नव्हता. मग त्यांची प्रज्ञा गेली. एकुलती एक पोर, पुण्यात ॲनिमेशन शिकत होती. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. तिची आई तर आधीच गेली होती. गादी, पुस्तकं आणि प्रज्ञाचा कॉम्प्युटर टेम्पोतून घरी आला. आत तिची अपुरी राहिलेली फिल्म होती. तिने सगळं रचून ठेवलं होतं. आता फक्त कॉम्प्युटरने उजेड-सावल्यांचा हिशेब करत एकेक चित्र रंगवायचं होतं. एका सेकंदाच्या फिल्मला अशी चोवीस चित्रं लागतात. तिच्या जुन्या कार्डावर ते कामच पुढे सरकेना, मेमरी अपुरी पडायची. ती फिल्म पुरी करायची, एवढंच काकांच्या आयुष्यात उरलं.

काका नागपूरला गेले. दुकानदाराने दोन कार्डं दाखवली. जन्मभर सीटा मोजलेल्या माणसाने जास्त मेमरीचं उचललं. काम सुरू झालं खरं, पण एका चित्राला अर्धा दिवस. माझी भाची स्नेहल नागपुरात व्हिडिओ एडिटिंग करते. तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काका, मेमरी मोठी आहे, पण आत काम करणारे कोअर थोडे. अन् मेमरीतून ये-जा करायचा रस्ताही अरुंद."

काका म्हणाले, "म्हंजे सीटा मोप, पन दार एकच. अन् इंजन खटारा गाडीचं."

झालं! तेव्हापासून अख्खी कॉलनी हैराण. कोणी कॉम्प्युटर घ्यायचं नाव काढलं की काका दारात हजर. "निरा मेमरी पाहू नोका बावा! कोअर किती, दार केवढं, तापते किती, वीज किती खाते, सारं इचारा. अन् कार्डावरच्या नंबरावर भुलू नोका. मोठा नंबर म्हंजे मोठी गाडी नोय." एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी वाढप्यालाच हे समजवायला घेतलं. बुंदीचं ताट घेऊन तो बिचारा उभाच. लोक हसले, मीही हसलो, आणि घरी आल्यावर मला फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात स्नेहलने नवीन कार्ड घेतलं आणि आपलं आधीचं काकांसाठी माझ्याकडे दिलं. काकांच्या कार्डापेक्षा ते कितीतरी वेगवान, आणि मेमरीही पुरेशी. "मामा, आता फिल्म बघता बघता पुरी होईल," ती म्हणाली. मी आनंदाने कार्डाचा डबा घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "लांबीले बसनार नाई." मी पट्टीने मोजून दाखवलं, बसत होतं. "आतल्या पावर सप्लायले झेपनार नाई." स्नेहलने तेही आधीच बघून ठेवलं होतं. "आपल्या इथली लाइन..." मला चक्क राग आला. "काका, तुम्हाला फिल्म पुरी करायची आहे की नाही?"

त्यांनी मला हाताला धरून पडद्याजवळ नेलं. चित्र चौकोना-चौकोनाने भरत होतं. आमचंच बसस्टँड. फलाटाला लागलेली गाडी, आणि तिच्या पायरीवर पाठमोरी एक मुलगी, पाठीवर सॅक.

"शेवटचा सीन हाय," काका म्हणाले. "प्रज्ञा पुण्याले चालली. आता आत जाईन, खिडकीतून मले हात दाखवन, अन् गाडी निंगून जाईन. फोनवर सांगतलं व्हतं तिनं."

त्यांनी कार्ड पुन्हा डब्यात घातलं, झाकण नीट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"जिंदगीभर एकही गाडी लेट सोडली नाई म्या, सर. एवढी एक होऊ द्या."