लिंबाजीकाकांचा चाचणीवरचा बैल

लिंबाजीकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्या मागे जाऊन उभे राहत. पंखा असो, खाट असो, नाहीतर सायकल. भाचीसाठी मुलगा पाहायला गेले, तेव्हा त्याला अंगणात चालायला लावलं आणि मागून निरखून पाहिलं. मुलगा इंजिनियर होता. बिचारा बुजून गेला, पण चालला. काका म्हणाले, "पाय सरळ टाकते. देऊन टाका."

जन्मभर काकांनी बैलं पारखली. जैनथपासून मुधोळपर्यंतच्या बाजारात तेलगू व्यापारीसुद्धा त्यांचं तोंड पाहत थांबायचे आणि "मंचिदी का, काका?" असं अर्ध्या तेलगूत, अर्ध्या मराठीत विचारायचे. मंचिदी म्हणजे बरं आहे. काका तो शब्द सहजी तोंडातून काढत नसत. त्यांचं एकच म्हणणं, "पयले चालवून पाहू."

असा माणूस एका दुपारी माझ्या दुकानात आला. तेव्हा आदिलाबादेत इंटरनेट नवंनवं आलं होतं. आमचं दुकान बसस्टँडजवळ, मी आणि दोन कॉम्प्युटर. काका आले ते सरळ कॉम्प्युटरच्या मागे.

"अवो काका, इकडून पाहा ना! तिकडे नुसत्या वायरी आहेत."

"ते दिसून राह्यलं मले. मारका हाय का?"

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांना वेबसाइट पाहिजे होती.

आता मला सांगा, धोतर नेसणाऱ्या माणसाला वेबसाइट कशाला? मी तेच विचारलं. तेव्हा कळलं, की काकांचा जोडीदार दादाराव पोरापाशी अमेरिकेला जाऊन राहिला होता. पोळ्याच्या दिवशी गावात बैलं तोरणाखाली उभी राहिली, की एका बाजूनं लिंबाजी आणि दुसऱ्या बाजूनं दादाराव झडत्या म्हणायचे. झडती म्हणजे समोरच्याची टर उडवणारी, यमक जुळवून म्हटलेली चार ओळींची तोफ. एकानं टाकायची, दुसऱ्यानं तिथल्या तिथं परतवायची. ज्याला उत्तर सुचलं नाही, तो हरला.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता काय? दरसाली मीच जिकतो. समोर कोनी उभंच राहत नाही." काका पंख्याकडे पाहत म्हणाले. "असं जिकनं काय कामाचं, पोरी?"

"मग पत्र लिहा की त्यांना."

"अवो, पत्र दोघातलं असते! झडती चार लोकाईसमोर पाह्यजे. लोकं हसले पाह्यजे, मंग तो चिडते. दादारावाचा पोरगा आला होता गावी, तो म्हणे, कॉम्प्युटरवर पान टाकलं की सारी दुनिया वाचते. मले असं पान पाह्यजे, का त्याच्यात समोरच्यालेबी बोलता आलं पाह्यजे."

नवशिक्यांना फुकटात वेबसाइट बांधू देणाऱ्या परदेशी कंपन्या तेव्हा पुष्कळ होत्या. चित्र निवडा, मजकूर भरा, झालं. मला वाटलं, तासाभराचं काम. कसलं काय!

पहिल्या कंपनीच्या पानावर वर जाहिरातीची पट्टी लखलखायची. काका म्हणाले, "याच्या पाठीवर दुसऱ्याचा डाग हाय. चोरीचा निंगन." दुसरीवर तारे चमकायचे, कबुतरं उडायची. मला फार आवडली. काकांनी मान हलवली. "शिंगं रंगवलेला बैल मी घेत नाही. म्हातारपण लपवाले रंगवते." तिसरीवर पान छान झालं, पण समोरच्याला बोलायची सोयच नव्हती. "मुका हाय," म्हणून काका उठलेच. फोनची लाइन जुळताना मोडेम किंचाळायचा, तेवढं मात्र त्यांना पसंत होतं. "हंबरते चांगला!"

माझं डोकं फिरायची वेळ आली होती. बाकीची गिऱ्हाइकं खोळंबायची आणि काका कासरा धरल्यासारखा माउस धरून बसायचे. शेवटी एक साधी, पांढरी साइट सापडली. डाग नाही, रंग नाही, आणि खाली पाहुण्यांसाठी वही, तिच्यात कोणीही लिहावं. मराठी अक्षरं उमटेनात, म्हणून काकांची झडती मी इंग्रजी अक्षरांत बसवली.

कापसानं भरली माही गाडी,
दादाराव निंगाला सोडून वाडी,
तोरनाखाली मी एकलाच उभा,
बोल ना गड्या, काऊन तू मुका?

"झालं! आता दादारावांच्या पोराला पत्ता पाठवते," मी म्हटलं.

"थांब! पयले आठ दिवस बांधून ठेव. खाते का, पयते का, पाहू. बिगर चालवलेला बैल कोनी दुसऱ्याच्या दारात नेते का?"

"काका, पोळा तोंडावर आला! आठ दिवस इथंच गेले तर ते उत्तर कधी देतील?"

पण ऐकतील तर काका कसले! रोज बसनं यायचे, पान उघडायला लावायचे, उभं आहेसं पाहून परत जायचे. वहीत एकदा कोणा परक्याचं इंग्रजीत लिहिलेलं आलं, तुमचं पान छान, माझंही पाहा. काका म्हणाले, "पाव्हना दिसते. त्याले चहा इचार." मी कपाळावर हात मारून घेतला.

चाचणी संपली. पत्ता गेला. आणि मग काहीच आलं नाही. काका रोज खुर्चीच्या टोकावर बसत. "आलं?" "नाही, काका." "लाइन मेली असन." "लाइन चांगली आहे." दुनियाभरची बैलं पारखणारा माणूस. पण त्या दिवसांत त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. एकदा हळूच म्हणाले, "मीच येळ खाल्ला का गं, पोरी?" मला खरंच राग आला होता त्यांचा, पण तो तिथंच विरघळला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. खांद्याला तूप-हळद चोळायची आणि बैलांनाच उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मला वाटलं, आज काका येत नाहीत. पण आले. कमरेला पळसाच्या पानांचा पुडा खोचलेला, बोटं पिवळी.

मी पान उघडलं आणि ओरडलेच, "काका, आलं!"

"वाच. मोठ्यानं वाच. लोकाईले आयकू दे!"

दुकानात कॉलेजची चारदोन पोरं होती. मी उभी राहून वाचलं.

लिंबाजीचा बैल बसते चिखलात,
लिंबाजी हरते भर गावात,
इथं माहं कोनी आयकत नाही,
तुह्याबिगर मले करमत नाही.

खाली नातवानं लिहिलं होतं, आजोबांनी सांगितलं तसं टाइप केलं, आज ते पुष्कळ दिवसांनी हसले.

पोरं खो खो हसली. काकांना उत्तर सुचेना. मग हात वर करून गरजले, "हरलो! हरलो ना बाप्पा!" जिंकल्यावरसुद्धा माणूस इतका खूश होत नाही.

मग त्यांनी पुडा सोडला. पळसाच्या पानानं तूप-हळद घेतली आणि कॉम्प्युटरच्या दोन्ही खांद्यांना लावली. मी नको म्हणायला हवं होतं.

"मंचिदी," काका म्हणाले. "ठेवून घेतो याले."

मग त्यांनी पडद्यावरच्या त्या चार ओळींवर पिवळं बोट हळूच टेकवलं.

"आज आवतन घ्या, दादाराव. उद्या जेवाले या."