सगुणाबाईंनी कातडे पिकविले त्याची हकीकत

श्री. जी आदिमाया जिवास जीव लावते आणि उघड्या अंगावर कातड्याचा अंगरखा घालते, तिचे चरणी मस्तक ठेवोन लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद-आश्विनमासी राज्यात जे अघटित वर्तले ते सावध होऊन ऐकावे.

राज्याच्या शोभेच्या दारूच्या कारखान्यास आग लागली आणि मैना नामे कारागीर पोर मानेपासून घोट्यांपर्यंत भाजली, पाठ तर पुरतीच. वय लहान, हिंमत मोठी. परंतु अंगावर इतके धड कातडे उरले नाही की एकीकडचे काढोन दुसरीकडे लावावे, आणि उघड्या जखमेत विष भरले तर पोर हातची जाते, ऐसा प्रसंग. मग सगुणाबाई रेगे पुढे जाहल्या. बाई जीवविद्येत निष्णात, जीभ तिखट, हात लोण्याहून मऊ. त्यांनी मैनेचे नखाएवढे चांगले कातडे घेतले, त्यातील पेशी सुट्या केल्या, काचेच्या ताटल्यांत त्यांस खाऊपिऊ घातले आणि ताटल्या उबेच्या पेटीत ठेविल्या. काय सांगावे महाराज! एकीच्या दोन, दोहींच्या चार ऐशा पेशी वाढल्या आणि दुधावर धरावी तैशी पातळ साय धरली. मैनेचेच कातडे, मैनेविना वाढले! धन्य ती विद्या!

इतक्यात खंडेनवमी आली. पेटीचा पहारा रायाजी घाग हवालदारांकडे. हवालदार मोठे भाविक, आणि या दिवशी हत्यारास विसावा देऊन पूजावे हा त्यांच्या घरचा शिरस्ता. सगुणाबाई मैनेच्या खाटेशी गुंतल्या होत्या. मग हवालदारांनी पेटी पुसली, कळ दाबोन बंद केली, दार उघडोन ताटल्यांवर हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचे फूल ठेवोन मनोभावे हात जोडिले. बाई येऊन पाहतात तो पेटी थंडगार, सायीवर हळद, साय मेलेली! त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"रायाजीराव, हे काय करून ठेवलेत?"

"पूजा केली, बाईसाहेब. वर्षाचा सण."

"अहो, हत्यार कसले! ते मैनेचे अंग होते!" ऐसे म्हणोन बाई मटकन खाली बसल्या. राखीव पेशी गोठवोन ठेविल्या होत्या, परंतु त्यांची साय धरावयास काही आठवडे हवे, आणि मैनेस ज्वर चढू लागलेला, तिला तितकी उसंत कोठली? हवालदारांच्या डोळ्यांस धारा लागल्या. म्हणाले, "बाईसाहेब, माझे कातडे सोला, पण पोरीला वाचवा!" ऐसे लोक बोलतात आणि घरी जाऊन जेवतात. परंतु सगुणाबाई ताडकन उठल्या.

"खरेच देता?"

"म्हणजे... सोलायचे?"

"मांडीचे, पातळसे. भूल देऊन. तिचे अंग परके कातडे कायमचे ठेवणार नाही, काही आठवड्यांनी टाकून देईल. पण तोवर झाकण होईल आणि मी तिचे पुन्हा पिकवीन."

हवालदार पांढरेफटक पडले, घाम पुसला, आणि म्हणाले, "बोललो ते बोललो. एक कशाला, दोन्ही मांड्या घ्या."

मग रक्त तपासोन मांड्यांचे कातडे काढिले आणि मैनेच्या पाठीवर पांघरिले, आणि ज्वर उतरला. इकडे पेटी पुन्हा उबदार जाहली, बाई तिच्यापाशी ठाण मांडोन बसल्या, आणि परके कातडे सुटू लागले तोच मैनेची साय तयार जाहली, ती अलगद उचलोन लाविली आणि ती अंगास धरली. मग एके सकाळी मैनेने दवाखाना डोक्यावर घेतला. "बाई, पाठीला मरणाची खाज सुटलीया!"

आजवर ज्यांच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिले नव्हते त्या सगुणाबाई ढळढळा रडल्या. म्हणाल्या, "सुटू दे ग माझे बाई! जिवंत आहे म्हणून खाजते!"

हवालदार लंगडत समाचारास आले. मैना कानकोंडी होऊन म्हणाली, "काका, तुमचं कातडं माझ्या अंगावर टिकलं नाही हो."

"त्यात काय, पोरी," हवालदार बोलिले. "पाव्हणा होता तो. घरधनीण आली, त्यानं जागा सोडली."

येणेप्रमाणे मैना वाचली. सगुणाबाईंची विद्या थोर, आणि हवालदारांचे काळीज तिच्या पंक्तीस बसावे ऐसे. वर्तले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.